किती प्लॉट घालायचे? एका ग्रामसभेच्या जंगलमोजणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेला २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल साधारण १,२०० हेक्टर. त्यात साग, ऐन, बिजा, धावडा, मोह आणि तेंदू आहेत, उतारांवर मानवेल बांबू आहे आणि मधून एक बारमाही नाला वाहतो. हक्काचा कागद हातात आल्यावर व्यवस्थापन आराखडा करायचा होता. जंगलात आज काय आणि किती उभं आहे हे कळल्याशिवाय आराखडा होत नाही. त्या मोजणीचा नमुना, म्हणजे सगळं जंगल न मोजता त्यातले किती आणि कोणते तुकडे (प्लॉट) मोजायचे ते, ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी संख्याशास्त्र शिकलेलो आहे आणि काही वर्षं ग्रामसभांबरोबर काम करतो आहे.

गाव ओळखू येऊ नये म्हणून क्षेत्र आणि मोजमापं थोडी फिरवून गोल केली आहेत. आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र तसंच ठेवलं आहे, त्यामुळे कागद-पेन घेऊन कोणालाही हिशेब पडताळता येईल.

मोजायला गावातले पाच तरुण आणि आमच्यातला एक, अशी सहा जणांची एकच तुकडी होती. एका दिवसात सरासरी तीन प्लॉट व्हायचे. धानाची कापणी आटोपल्यावर काम सुरू करायचं आणि मोहफुलं पडायला लागण्याआधी संपवायचं होतं, कारण मोह आणि पाठोपाठ तेंदूपत्ता सुरू झाला की गावात मोजणीसाठी माणूस मिळत नाही आणि मागूही नये. मुख्य मोजणीसाठी हातात कामाचे २८ दिवस होते, म्हणजे जास्तीत जास्त ८४ प्लॉट.

प्रत्येक प्लॉट ०.१ हेक्टरचा चौरस, बाजू ३१.६२ मीटर. भारतीय वन सर्वेक्षणाचा प्लॉट बराच काळ याच मापाचा होता. मध्यबिंदूवर खुंटी ठोकायची आणि चारी कोपऱ्यांकडे २२.३६ मीटर दोरी न्यायची, की चौरस तयार. उतारावर दोरी जमिनीला टेकवली तर प्लॉट लहान भरतो, म्हणून ती आडव्या पातळीत धरायची. जमिनीपासून १.३७ मीटरवर झाडाचा घेर मोजायचा आणि प्रजातीनुसार प्रसिद्ध झालेल्या समीकरणांतून घनफळ काढायचं. बांबूची बेटंही त्याच प्लॉटात मोजायची.

प्रश्न काय होता

१,२०० हेक्टरमध्ये असे १२,००० प्लॉट बसतात. त्यातले किती मोजले तर हेक्टरी लाकडाची सरासरी ९५ टक्के खात्रीने १० टक्क्यांच्या आत मिळेल, हा प्रश्न आम्ही स्वतःपुढे मांडला. आराखड्याच्या ठरलेल्या साच्यात उभ्या लाकडाचं घनफळ पहिल्या पानावर मागतात, म्हणून आम्हीही तेच धरलं.

पहिल्या ग्रामसभेत एक वयस्क बाई गोंडीत काहीतरी बोलल्या. शेजारच्या मुलाने मराठीत सांगितलं, "सागवान आम्ही कुठं तोडणार आहोत? बांबूचं सांगा, दरवर्षी किती काढता येईल?" ते मी वहीत उतरवून घेतलं. नमुन्याच्या हिशेबात मात्र ते आलं नाही.

जंगलाचे चार भाग

सगळं जंगल एकच समजून चिठ्ठ्या टाकल्या तर दाट सागवनातला प्लॉट आणि खडकाळ उतारावरचा प्लॉट यांच्यातला सगळा फरक अंदाजाच्या चुकीत जमा होतो. जंगलाचे आतून सारखे असे भाग पाडले, प्रत्येकात स्वतंत्र चिठ्ठ्या टाकल्या आणि शेवटी क्षेत्राच्या वाट्याप्रमाणे सरासऱ्या एकत्र केल्या, तर भागाभागांतला फरक चुकीतून वजा होतो. मग फक्त भागाच्या आतला चढउतार उरतो. अशा भागाला स्तर म्हणतात. स्तरित नमुन्याचा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे.

उपग्रहाच्या चित्रावरून आधी कच्चा नकाशा काढला आणि मग गावकऱ्यांबरोबर चार दिवस जंगल फिरलो. चित्रात हिरवंगार दाट दिसणारे दोन तुकडे प्रत्यक्षात घाणेरीचं रान निघाले. गावातल्या गुराख्याने ते लांबूनच सांगितलं होतं. शेवटी चार स्तर ठरले.

दाट जंगल: ३०० हेक्टर, क्षेत्राचा वाटा ०.२५.
मध्यम जंगल: ५४० हेक्टर, वाटा ०.४५.
विरळ झाडीचा उतार: २८८ हेक्टर, वाटा ०.२४.
नाल्याकाठची पट्टी: ७२ हेक्टर, वाटा ०.०६.

पाहणीचे २० प्लॉट

नमुना किती मोठा हवा हे ठरवायला प्रत्येक स्तरातला चढउतार आधी माहीत हवा, आणि तो तर मोजल्यावरच कळतो. यातून मार्ग म्हणजे छोटी पाहणी. प्रत्येक स्तरात पाच प्लॉट घातले. हेक्टरी घनमीटरमध्ये सरासरी आणि प्रमाण विचलन (प्लॉटांचे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब जातात ते) असं आलं: दाट १०६ आणि ४१, मध्यम ५७ आणि २६, उतार २१ आणि १७, नाला ११८ आणि २८.

इथे दोन चुका झाल्या आणि दोन्ही माझ्या होत्या.

पहिली चूक अशी की नाल्याचे पाचही प्लॉट चिठ्ठी टाकून घेतले नव्हते. बाकीच्या तीन स्तरांतले १५ प्लॉट रीतसर निवडले होते. नाल्यावर पोचेपर्यंत दुपार कलली होती, म्हणून पायवाट जिथे नाला ओलांडते तिथून वर-खाली पाच जागा घेतल्या. तिथे करंज आणि जांभळाची एकाच वयाची झाडं होती, सगळे प्लॉट एकमेकांसारखे आले आणि विचलन २८वर थांबलं.

दुसरी चूक जास्त खोल होती. पाच प्लॉटांवरून काढलेलं प्रमाण विचलन किती डळमळीत असतं, हे मी पुस्तकात शिकलो होतो आणि तरीही विसरलो. मोजमापं साधारण सामान्य वितरणाची, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेली, धरली, तर पाच प्लॉटांतून आलेल्या ३० या विचलनामागे खरा आकडा, ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर, १८पासून ८६पर्यंत कुठेही असू शकतो. दहा प्लॉट घेतले तर हाच पल्ला २१ ते ५५ होतो. पाच जास्तीचे प्लॉट म्हणजे तुकडीचे दोन दिवसही नाहीत.

हा प्रश्न आपल्याकडच्या एका माणसाने फार पूर्वी हातात घेतला होता. स्तरांत नमुना वाटण्याची पद्धत पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांच्या १९३४च्या निबंधामुळे सर्वत्र पोचली. पुढच्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनमध्ये असताना नेमका हाच विषय मांडला, की स्तरांचं विचलन छोट्या पाहणीतून काढलं असेल तर या वाटपाचं काय होतं. त्यांचं काम आमच्या प्रकरणाला किती लागू पडलं ते पुढे येतं.

समोर असलेले पर्याय

पाहणीच्या आकड्यांवरून एकूण सरासरी ६४.३ घनमीटर आली. तिचे १० टक्के, म्हणजे ६.४३, एवढी चूक चालणार होती.

पहिला पर्याय म्हणजे स्तर विसरून सरळ यादृच्छिक नमुना. त्याला १८७ प्लॉट लागत होते, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त. तो तिथेच बाद झाला.

दुसरा पर्याय क्षेत्राच्या प्रमाणात वाटप. प्रत्येक स्तराच्या विचलनाचा वर्ग करायचा, त्याला क्षेत्राच्या वाट्याने गुणायचं, चारही आकड्यांची बेरीज करायची, ४ने गुणून चालणाऱ्या चुकीच्या वर्गाने भागायचं. ८४०.८५ गुणिले ४, भागिले ४१.३, उत्तर ८२. (९५ टक्के खात्रीसाठी २ हा गुणक धरला आहे, त्याचा वर्ग हा ४. एकूण १२,००० प्लॉटांतून शंभरेक घेत असताना मर्यादित संख्येची दुरुस्ती टक्काभरही फरक करत नाही, म्हणून ती सोडली.)

तिसरा पर्याय नेमन यांचं वाटप. जिथे क्षेत्र जास्त आणि चढउतारही जास्त, तिथे जास्त प्लॉट. इथे वाटा गुणिले विचलन अशा चार आकड्यांची बेरीज करून त्या बेरजेचा वर्ग घ्यायचा. बेरीज २७.७१, वर्ग ७६७.८, आणि उत्तर ७५. स्तरांत वाटून पूर्णांक केल्यावर दाट २८, मध्यम ३२, उतार ११, नाला ५, एकूण ७६.

प्लॉटचा खर्च स्तरागणिक वेगळा धरून वाटप करण्याची रीतही आहे. उतारावरचा प्लॉट महाग पडतो, तिथे दिवसाला दोनच होतात. पण तुकडी एकच होती आणि मुक्काम बदलत जायचा होता, त्यामुळे खर्चाचा नीट आकडा बसवता येईना. ती रीत बाजूला ठेवली आणि तिसऱ्या पर्यायाकडे वळलो.

पहिला निर्णय: नाल्याला किती?

वन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या बैठकीला आले होते. ७६चा कागद पाहून त्यांनी विचारलं, "नाल्यावरचे हे पाच कुठे घेतले?" मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "नाल्याच्या पट्टीत थोराड झाडं सुटीसुटी असतात. पाचात एकही सापडणार नाही. आणि सापडलं तर तुमचं सगळं गणित हलेल."

त्यांचं ऐकून आम्ही तीन गोष्टी केल्या. वाटेवरचे ते पाच प्लॉट बाद केले. नाल्याला किमान आठ प्लॉट द्यायचे आणि तेही चिठ्ठीने निवडायचे, असं ठरवलं. आणि ते आठ मोहिमेच्या पहिल्या तीन दिवसांत घ्यायचे, म्हणजे काही वेगळं निघालं तर हातात वेळ राहील. एकूण संख्या ७९ झाली, त्यातले १५ पाहणीत झाले होते.

एक गोष्ट मात्र आमच्या नजरेतून सुटली. प्लॉट बाद केले, पण त्यांच्यावरून आलेलं २८ हे विचलन सूत्रात तसंच राहिलं. ज्या मोजमापावर आपला विश्वास नाही त्यावरून आलेला आकडा आपण वापरतो आहोत, हे त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

नाल्यावरचे आठ आणि दुसरा निर्णय

आठ प्लॉटांचे हेक्टरी आकडे असे आले: ६२, ८५, ९५, ११०, १२०, १३५, १९८ आणि ३१५. सरासरी १४०. विचलन ८१.५, पाहणीतल्या आकड्याच्या जवळपास तिप्पट.

३१५च्या प्लॉटात अर्जुनाची तीन जुनी झाडं होती. त्यांना मिठी मारायला तिघं लागले. संध्याकाळी तुकडीत चर्चा झाली. हा प्लॉट "वेगळाच" आहे, वगळला तर उरलेल्या सातांचं विचलन ४४वर येतं आणि नमुना पुन्हा आटोक्यात राहतो, असं एकाचं म्हणणं होतं. म्हणणं मनापासून होतं, कामाच्या काळजीपोटी होतं. पण ती तीन झाडं जंगलात उभी आहेत आणि चिठ्ठीने तीच जागा निघाली होती. ती वगळली तर तशी झाडं असलेल्या सगळ्या जागा आपण कागदावरून पुसतो. प्लॉट ठेवला.

असाच प्रसंग दाट स्तरात आला. एका प्लॉटाचा मध्यबिंदू घाणेरीच्या जाळीत पडला, नकाशा करताना तो तुकडा आमच्या नजरेतून निसटला होता. तुकडीला तो प्लॉट शंभर मीटर सरकवायचा होता, नाहीतर उताराच्या स्तरात टाकायचा होता. दोन्हीला नकार दिला. दाट स्तराचे ३०० हेक्टर आपण ज्या रेषेने मोजले, त्याच रेषेच्या आत हा बिंदू आहे. त्याला दुसऱ्या स्तरात टाकलं तर क्षेत्राचे वाटे खोटे ठरतात, आणि सरकवला तर दाट जंगल आहे त्याहून दाट दिसतं. नकाशाची चूक विचलनात दिसू देणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. पाहणीतलं ४१ पुढे ४५ झालं, त्यात या प्लॉटाचा हातभार आहे.

मध्यावरचा हिशेब

निम्मं काम झाल्यावर दोन दिवस थांबून आकडेमोड केली. आता सरासरी आणि विचलन असं होतं: दाट ११० आणि ४५, मध्यम ६० आणि ३०, उतार २० आणि १६, नाला १४० आणि ८०. एकूण सरासरी ६७.७. नंतरच्या प्लॉटांनी हे आकडे फारसे हलले नाहीत, म्हणून पुढेही हेच वापरतो.

याच आकड्यांवर पहिलाच हिशेब पुन्हा मांडला, तर सरळ यादृच्छिक नमुन्याला २३५ प्लॉट, प्रमाणशीर वाटपाला ११९ आणि नेमन यांच्या वाटपाला ९८. पाहणीवरून आम्ही ७५ म्हणत होतो. या ९८ची वाटणी दाट ३३, मध्यम ४०, उतार ११, नाला १४ अशी होती. क्षेत्राने फक्त ६ टक्के असलेल्या नाल्याला एकूण प्लॉटांपैकी १४ टक्के मिळत होते, आणि उभ्या लाकडातला त्याचा वाटाही १२ टक्क्यांच्या वर निघाला.

सुखात्मे यांचा मुद्दा इथे समजला. समजा आम्ही ७६वरच थांबलो असतो, तर खऱ्या विचलनांनी चूक ११.९ टक्के आली असती. तेवढेच ७६ प्लॉट क्षेत्राच्या प्रमाणात वाटले असते, तर १२.५ टक्के. म्हणजे पाहणी इतकी कच्ची असूनही वाटप प्रमाणशीर वाटपाहून वाईट झालं नसतं. फसली ती एकूण संख्या. विचलनाचा आकडा चुकला तर कोणत्या स्तराला किती द्यायचे याची चूक बरीचशी सोसली जाते, पण एकूण किती लागतील हे उत्तर त्या चुकीसकट पूर्णपणे सरकतं. मी आधी याच्या उलट समजत होतो.

९८ गाठायला पाहणीचे १५ धरून ८३ नवे प्लॉट हवे होते आणि २८ दिवसांत ते जेमतेम बसत होते. पण जिल्ह्यात २०२१पासून वावरणारे रानटी हत्ती आमच्या बाजूला आल्याची खबर आली आणि दोन दिवस जंगलात जायचं नाही असं गावाने ठरवलं. त्यावर चर्चेला जागाच नव्हती. दोन दिवसांचे सहा प्लॉट बुडणार होते.

ते कुठून कमी करायचे हा तिसरा निर्णय. ज्या स्तरात प्लॉटांची संख्या मोठी, तिथून एखादा काढल्याने नुकसान कमी होतं. दाटमधून दोन आणि मध्यममधून चार काढले. शेवटची वाटणी ३१, ३६, ११ आणि १४, एकूण ९२.

निकाल

लाकडाचं घनफळ हेक्टरी ६७.७ घनमीटर, चूक १०.३ टक्के. संपूर्ण जंगलात सुमारे ८१,००० घनमीटर, म्हणजे ७३,००० ते ९०,०००च्या दरम्यान. ठरवल्यापेक्षा फक्त ०.३ टक्के जास्त चूक. आम्ही खूश होतो.

मग ग्रामसभेत आकडे वाचले. लाकडाचा आकडा लोकांनी शांतपणे ऐकून घेतला. नंतर त्याच बाईंनी विचारलं, "आणि बांबू?"

बांबूची मोजदाद त्याच ९२ प्लॉटांत झाली होती. हेक्टरी बेटांची सरासरी आणि विचलन असं होतं: दाट १२ आणि १८, मध्यम ३५ आणि ३८, उतार ६० आणि ५५, नाला ८ आणि १२. एकूण सरासरी हेक्टरी ३३.६ बेटं, सगळ्या जंगलात सुमारे ४०,४००. पण चूक जवळपास ३० टक्के. खरा आकडा २८,४०० ते ५२,३००मध्ये कुठेही. वरची बाजू खालच्या बाजूच्या पावणेदोन पटीहून जास्त.

कारण शोधायला लांब जावं लागत नव्हतं. बांबू सगळ्यात दाट उतारावर आहे आणि सगळ्यात विषमही तिथेच आहे. लाकूड मात्र तिथे थोडं आणि सगळीकडे सारखंच थोडं. लाकडासाठी शहाणपणाने वाटलेल्या नमुन्याने उताराला ११ प्लॉट दिले होते. बांबूसाठी तेच ९२ प्लॉट नेमन यांच्या पद्धतीने वाटले असते, तर उताराला ३४ मिळाले असते, मध्यमला ४४, दाटला १२ आणि नाल्याला फक्त २. एका प्रश्नासाठी उत्तम असलेलं वाटप दुसऱ्या प्रश्नाला कसं अपुरं पडतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मी पाहिलेलं नाही.

ग्रामसभेने सावध निर्णय घेतला. खालचा आकडा धरायचा, जंगल तीन वर्षांच्या फेरीत वाटायचं आणि वर्षाला सुमारे ९,५०० बेटांतूनच बांबू काढायचा. त्यातही त्या वर्षीच्या कोवळ्या बांबूला हात लावायचा नाही. जंगल आपलं आहे आणि उद्याही लागणार आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी घेतलेला हा निर्णय होता. पण आमच्या नमुन्यातली अनिश्चितता त्यांच्या मजुरीतून भरून निघत होती, आणि ते मला अजून सलतं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी वाटप दोन्ही प्रश्नांसाठी मिळून करीन. लाकूड आणि बांबू यांची दोन वाटपं काढून त्यांची सरळ सरासरी घेतली, तर दाट २२, मध्यम ४०, उतार २२, नाला ८ असं येतं. प्लॉट तेवढेच, ९२. लाकडाची चूक १०.३वरून ११ टक्के झाली असती आणि बांबूची ३०वरून २४वर आली असती. सरासरी तीच आली असती असं धरलं तर बांबूची खालची मर्यादा २८,४००ऐवजी सुमारे ३०,७०० ठरली असती, म्हणजे वर्षाला साडेसातशे बेटं जास्त. लाकडातल्या पाऊण टक्क्यासाठी आम्ही ती सोडली. आराखड्यात लाकडाची चूक १० आहे की ११ यावर गावाचा एकही निर्णय अवलंबून नव्हता.

पाहणीत प्रत्येक स्तरात किमान दहा प्लॉट घेईन आणि सगळे चिठ्ठीने. ते वाया जात नाहीत, पुढे मुख्य नमुन्यात धरता येतात. आमचे नाल्यावरचे पाच प्लॉट वाया गेले ते केवळ चिठ्ठी न टाकल्यामुळे.

नाल्यासाठी वेगळाच मार्ग घेता आला असता. ७२ हेक्टर म्हणजे फार मोठं क्षेत्र नव्हे. दोन मीटरहून जास्त घेराची सगळी थोराड झाडं गावातल्या मुलांनी आठवड्याभरात मोजून काढली असती, कारण ती झाडं त्यांना एकेक करून ठाऊक आहेत. ज्यांच्यामुळे सगळा चढउतार होतो ती झाडं पूर्ण मोजायची आणि उरलेल्यांसाठीच प्लॉट घालायचे. मग नाल्याला १४ प्लॉट लागले नसते आणि ते उतारावर वळवता आले असते. निवृत्त वनाधिकाऱ्यांनी थोराड झाडांबद्दल सांगितलं तेव्हाच हे सुचायला हवं होतं. आम्ही फक्त पाचाचे आठ केले.

आणखी एक गोष्ट पहिल्या बैठकीतच बोलून घ्यावी. संपूर्ण जंगलासाठी १० टक्के चूक म्हणजे प्रत्येक भागासाठी १० टक्के नव्हे. अहवाल छापल्यावर एका तरुणाने विचारलं की फक्त उतारावर किती लाकूड आहे ते १० टक्क्यांच्या आत सांगा. मी तिथेच हिशेब केला. चारही स्तरांसाठी स्वतंत्रपणे १० टक्के हवे असतील तर दाटला ६७, मध्यमला १००, उताराला २५६ आणि नाल्याला १३१, एकूण ५५४ प्लॉट लागतात. २० टक्के चालणार असतील तर त्याच्या चौथाईत भागतं, सुमारे १३९. चूक निम्मी करायची तर प्लॉट चौपट, हे नातं ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवावं. लोकांना ते लगेच समजतं, आणि मग किती अचूक हवं हे तेच ठरवू शकतात. आम्ही १० टक्के हा आकडा आराखड्याच्या साच्यातून उचलला होता. तो कोणी मागितला नव्हता.

सध्या

उतारावर आणखी १४ प्लॉट घालायचे असा ठराव ग्रामसभेने केला आहे. तिथले ११चे २५ होतील आणि विचलन साधारण तेवढंच राहिलं तर बांबूची चूक २४ टक्क्यांच्या आसपास येईल. सात दिवसांचं काम आहे आणि मोजणारे पाचही जण गावातलेच असतील. दोरी आडवी कशी धरायची हे आता त्यांना आमच्याहून चांगलं येतं. नकाशावर चौकटी आखून चिठ्ठ्या ग्रामसभेतच काढल्या. पहिली चिठ्ठी त्या बाईंनी उचलली. धानाची कापणी झाली की काम सुरू होईल.